गोळ्यांचे पाकीट आधी, सतरंजी नंतर : अंबाजोगाईतील एका योगवर्गाचा अनुभव

फुफ्फुसाच्या क्षयरोगावर औषध चालू असलेल्या किंवा त्यातून नुकत्याच उठलेल्या माणसांसाठी अंबाजोगाईत सकाळी एक योगवर्ग चालतो. ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ असे सहा महिने मी त्या वर्गाला गेले आणि त्या अनुभवावरून हे लिहीत आहे. वर्गाचे नाव व जागा मी देत नाही, कारण तशी विनंती वर्ग घेणाऱ्या बाईंनीच केली आहे आणि ती मला रास्त वाटते. तालुक्याच्या गावात कोण कोणत्या दारातून आत गेले हे दिवस मावळायच्या आत सगळ्या गल्लीला ठाऊक होते; त्या दारावर टीबीचे नाव लागले, तर ज्यांना या वर्गाची सर्वांत जास्त गरज आहे त्या लेकी-सुना तिकडे फिरकणारही नाहीत. ज्यांना जायचे असेल त्यांनी आपल्या क्षयरोग विभागातील पर्यवेक्षकांना किंवा आशाताईंना विचारावे. मलाही हा वर्ग त्यांच्याकडूनच कळला.

मी एका पतसंस्थेत नोकरी करते. त्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीपासून खोकला होता आणि संध्याकाळ झाली की अंगात कणकण भरायची. हवा बदलली म्हणून असेल, असे म्हणत आम्ही जवळजवळ दीड महिना काढ्यावर आणि मेडिकलमधून आणलेल्या औषधावर घालवला. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या तेव्हा घरच्यांनी दवाखान्यात नेले. ४६ किलोचे वजन ३९ वर आले होते. बेडक्याच्या तपासणीत क्षयाचे जंतू निघाले आणि एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. ऑगस्टमध्ये गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे एकत्र, आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन, असा तो सहा महिन्यांचा कोर्स असतो. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते हे आधी सांगितलेले होते म्हणून घाबरले नाही; पण सकाळची मळमळ आणि घोटे-गुडघ्यांचे ठणकणे यांनी मी पार खचून गेले होते.

या वर्गाची किंमत मला कळली ती त्याआधी घेतलेल्या एका वाईट अनुभवामुळे, म्हणून तो आधी सांगते. औषध सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले असतील, तेव्हा एका नातेवाइकांच्या आग्रहावरून मी दुसऱ्याच एका योगवर्गाला गेले होते. रस्त्याची धूळ आत येते म्हणून तिथल्या खिडक्या लावून घेतलेल्या होत्या, आणि त्या बंद खोलीत वीस-बावीस माणसे जोरजोरात कपालभाती करत होती. माझा आजार सांगितल्यावर तिथल्या शिक्षकांनी मला पुढच्या रांगेत बसवले आणि हे नेमाने केले तर तीन महिन्यांत गोळ्या सुटतील असे सगळ्यांदेखत सांगितले. चौथ्या दिवशी कपालभाती करताना खोकल्याची ढास लागली आणि रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला. डॉक्टरांनी हे ऐकले तेव्हा ते रक्तापेक्षा त्या बंद खोलीने अधिक हादरले. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, खोकताना आणि जोराने श्वास फेकताना ते बाहेर पडतात, आणि माझा बेडका तोवर निर्जंतुक झाल्याची तपासणीही झालेली नव्हती. ती चूक शिक्षकांची होती तितकीच माझीही होती. त्या खोलीत माझ्या शेजारी एक गरोदर बाई बसत असे. तिची आठवण आली की आजही माझे मन थाऱ्यावर राहत नाही.

त्यामुळे आशाताईंनी या वर्गाचे नाव काढले तेव्हा मी आधी नकोच म्हटले. प्रवेशाचे नियम ऐकल्यावर मात्र विचार बदलला. या वर्गात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणालाही घेत नाहीत. दोन महिन्यांचे औषध पूर्ण झाल्यावर होणाऱ्या बेडक्याच्या तपासणीचा कागद दाखवावा लागतो, आणि त्यात जंतू नसतील तरच सतरंजीवर बसता येते. ज्यांचे पहिले दोन महिने अजून चालू आहेत त्यांना बाई दारातच, अंगणात उभ्या राहून, घरी पडल्या पडल्या करायचा शांत श्वास आणि शवासन एवढेच शिकवतात आणि परत पाठवतात. मणक्याचा क्षय असेल तर हाडांच्या डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याखेरीज काहीच करू देत नाहीत, कारण रोगाने पोखरलेला मणका पुढे वाकताना दबला तर पायांतली ताकद जाऊ शकते. खोकल्यातून रक्त पडत असेल किंवा छातीत अचानक कळ येऊन दम लागला असेल, तर त्या दिवशी आसन नाही, थेट दवाखाना.

जागा म्हणजे एका जुन्या वाड्याची तीन बाजूंनी उघडी असलेली पडवी. सकाळी पावणेसात ते साडेसात, रविवार सोडून रोज. हिवाळ्यात फरशी बर्फासारखी लागते आणि बोटे आखडतात. पण बाईंनी एकदाही पडदा लावू दिला नाही. वारा आरपार गेला पाहिजे, हा त्यांचा आग्रह मी माझ्या आधीच्या अनुभवामुळे मनापासून मान्य केला.

वर्गाची सुरुवात प्रार्थनेने होत नाही, गोळ्यांच्या पाकिटाने होते. प्रत्येकाने आपले पाकीट पिशवीतून काढून पुढे ठेवायचे. बाई रांगेतून फिरतात, पाकीट हातात घेतात, उलटे करून चंदेरी कागदाच्या फाटलेल्या खळग्यांवरून अंगठा फिरवतात आणि वहीतल्या तारखेशी आकडा ताडून पाहतात. एकदा माझ्या पाकिटात तीन गोळ्या जास्त निघाल्या. एका लग्नासाठी परळीला गेले होते आणि पाकीट घरीच विसरले होते. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझी सतरंजी गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘‘ताई, आज आधी दवाखान्यात जाऊन चुकलेल्या डोसाचं विचारून या. आसनं उद्याही होतील.’’ त्या दिवशी मला फार वाईट वाटले. पण त्यानंतर माझा एकही डोस चुकला नाही. औषध मध्येच सोडले तर उरलेले जंतू औषधालाच दाद देईनासे होतात आणि मग उपचार लांबतो, महागतो, जिवावर बेततो, हे मी पत्रकांत अनेकदा वाचले होते. ते अंगी लागले मात्र त्या अंगठ्यामुळे.

प्रत्यक्ष शिकवतात ते पाहायला फार साधे वाटेल. आधी दहा मिनिटे मान, खांदे, मनगटे, घोटे यांचे सूक्ष्म व्यायाम. नंतर ताडासन, कटिचक्रासन, मार्जारासन आणि अर्धवट उचललेले भुजंगासन. छाती उघडावी एवढाच त्यांचा हेतू. मग पाठीवर झोपून अर्धा किलो ज्वारी भरलेली कापडी पिशवी पोटावर ठेवायची आणि ती श्वासासरशी वर जाते का, हे पाहायचे. महिनोन्महिने खोकून खोकून माणूस खांद्यांनी श्वास घेऊ लागतो, पोट हलतच नाही. पहिल्या आठवड्यात माझी पिशवी जागची हलली नव्हती. श्वास सोडताना गरम चहावर फुंकर घालावी तसे ओठ करून सावकाश सोडायचा. त्याने जिना चढताना लागलेली धाप कशी आवरता येते हे मी तिथे शिकले आणि आजही वापरते. शेवटी कुंभक (श्वास रोखून धरणे) न करता अनुलोम-विलोम, भ्रामरी, आणि दहा मिनिटे शवासन.

त्यातली एक गोष्ट मी जन्मात विसरणार नाही. दुसऱ्याच दिवशी बाईंनी मला दोन्ही हातांची तीन-तीन बोटे गळ्याच्या हाडांखाली टेकवायला सांगितली आणि डोळे मिटून श्वास घ्यायला लावला. डाव्या हाताची बोटे वर उचलली गेली. उजव्या हाताखाली जवळजवळ काहीच हलले नाही. एक्स-रेमधला तो पांढरट डाग मी पाहिला होता, पण आपल्या छातीचा एक भाग आपल्याबरोबर श्वास घेत नाही हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळले, आणि मला रडू आले. बाईंनी शेजारी बसून एवढेच सांगितले की घाई करायची नाही, रोज बोटांनी विचारत राहायचे. डिसेंबरच्या शेवटी एका सकाळी उजव्या बोटांखाली हलकेसे काहीतरी उचलले गेले. डाव्याच्या मानाने ते आजही कमीच आहे. क्षय बरा झाला तरी फुफ्फुसात वण राहू शकतो आणि त्या भागाची लवचिकता जाऊ शकते, हे डॉक्टरांनी समजावले होते. त्यामुळे पूर्ववत होईल अशी आशा मी धरलेली नाही.

काय शिकवत नाहीत, तेही तितकेच महत्त्वाचे आहे. कपालभाती नाही, भस्त्रिका नाही, श्वास रोखणे नाही. फुफ्फुसात पोकळी झालेली असेल तर जोराच्या झटक्यांनी रक्त पडण्याचा धोका ओढवून का घ्यायचा, असे त्यांचे म्हणणे आणि माझ्या डॉक्टरांचेही तेच. जलनेती, म्हणजे भांड्याने नाकातून पाणी घालून नाक धुणे, तर मुळीच नाही. एकमेकांचे भांडे, एकमेकांचे पाणी हा प्रश्न या आजारात उद्भवूच द्यायचा नाही. सतरंजी आणि रुमाल ज्याचा त्याने घरून आणायचा. वृक्षासनासारखे एका पायावरचे आसन घेण्याआधी बाई प्रत्येकाला तळपायांना मुंग्या येतात का असे विचारतात, कारण आयसोनियाझिडने नसांना त्रास होऊ शकतो आणि मग तोल जातो. मला थोड्या मुंग्या येत होत्या. त्यांनी वृक्षासन बंद केले आणि डॉक्टरांना सांगायला लावले. डॉक्टरांनी ब-६ जीवनसत्त्वाच्या गोळीची मात्रा पाहून दिली. ज्यांचे सांधे दुखतात त्यांना वज्रासनाचा आग्रह नसतो. योगशिक्षिकेला औषधांची इतकी माहिती असावी ही गोष्ट मला दुसरीकडे कुठेही आढळली नाही.

योगाने क्षय बरा होतो का, हा प्रश्न वर्गात दर आठवड्याला कोणीतरी विचारतेच. बाई त्यावर जे सांगतात ते मी घरी येऊन स्वतः तपासले आहे. विश्वेश्वरय्या आणि शर्ली टेलस यांनी केलेला एक अभ्यास २००४ मध्ये श्वसनरोगांच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात फुफ्फुसाचा क्षय असलेले ७३ रुग्ण घेतले होते. सगळ्यांना क्षयाची नेहमीची औषधे चालूच होती. त्यांच्या जोडीला एका गटाला योग आणि दुसऱ्या गटाला नुसते श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव, असे दोन महिने केले. योगाच्या गटात लक्षणे अधिक कमी झाली, वजन अधिक वाढले, फुफ्फुसाच्या क्षमतेची मोजमापेही सुधारली आणि बेडका लवकर निर्जंतुक झालेल्यांची संख्याही जास्त होती. हे ऐकून माणूस हुरळून जातो. पण ७३ पैकी शेवटपर्यंत टिकले फक्त ४८, म्हणजे अभ्यास लहान आणि त्यातही एक-तृतीयांश माणसे गळालेली. एवढ्यावरून गोळ्यांच्या जागी योग असे म्हणणे दूरच, गोळ्यांच्या जोडीला योगाने नक्की किती फरक पडतो हेही ठामपणे सांगता येणार नाही. बाई हे दोन्ही भाग सांगतात. पहिलाच सांगून थांबणारे पुष्कळ भेटतात.

दुसरी गोष्ट त्या सांगतात ती मद्रासची. औषधे येण्यापूर्वी क्षयावर सॅनटोरियममधली (क्षयरुग्णांना ठेवण्याच्या रुग्णालयातली) मोकळी हवा, सकस आहार आणि विश्रांती हाच उपचार मानला जात असे. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोगावरील औषधोपचाराचे संशोधन केंद्र सुरू झाले आणि तिथे काही रुग्णांना सॅनटोरियममध्ये, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या वस्तीतल्या घरी तीच औषधे देऊन तुलना केली गेली. १९५९ मध्ये निष्कर्ष आले ते असे की घरी राहून, कमी खाऊन, कामावर जाऊनही औषध नीट घेणारे रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले. जंतू मारले ते औषधाने. हे ऐकल्यावर मला योगाची जागा नीट उमगली. जंतू मारायचे काम गोळ्यांचे. औषध घेत असताना आणि ते संपल्यावर आखडलेली छाती, गळालेले स्नायू, मोडलेली झोप आणि मनात घर करून बसलेली भीती यांच्यासाठी काही करायचे असेल तर तिथे योग.

मला काय मिळाले, ते आकड्यांत सांगायचे तर दर पंधरा दिवसांनी बाई एका श्वासात मोठ्याने अंक मोजायला लावतात. ऑक्टोबरमध्ये मी ११ वर थांबले होते, जानेवारीत १९, मार्चमध्ये २६. वजन ४५ किलोपर्यंत आले. यातले औषधाचे किती, रोजच्या अंड्याचे आणि भाकरीवरच्या शेंगदाण्याच्या चटणीचे किती आणि योगाचे किती, याची वाटणी मला करता येत नाही, आणि करता येते असे जो म्हणेल त्यावर विश्वास ठेवू नये. झोप मात्र वर्ग सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत सुधारली, हे नक्की. फेब्रुवारीत औषध संपले त्या आठवड्यात मी मुकुंदराजांच्या समाधीला गेले. खाली दरीत उतरताना कोणालाच काही वाटत नाही. परत वर चढून येणे हीच खरी परीक्षा. वाटेत चार वेळा थांबले, ओठांची फुंकर करून धाप आवरली आणि वर आले. आदल्या ऑगस्टमध्ये मला घरातून मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागत होती.

या वर्गाचे एक काम मला आसनांहून मोठे वाटते, आणि ते ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांसाठीचे आहे. केज, धारूर, वडवणीकडची कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. सहा महिन्यांचे औषध आणि सहा महिन्यांचा हंगाम यांची गाठ पडली की बहुधा औषधच सुटते. आमच्या वर्गात असा एक गडी होता. फडावर जायचे ठरल्यावर तो आपल्या आजाराचे कुठेच बोलणार नव्हता, कारण मुकादमाला कळले तर कोयता मोडेल, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचे तोडीचे काम जाईल, अशी धास्ती त्याला होती. बाईंनी त्याला पर्यवेक्षकांकडे नेले. रुग्णाची नोंद क्षयरुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय प्रणालीत असते, त्यामुळे जिथे जाल तिथल्या सरकारी केंद्रातून पुढचे औषध मिळू शकते, हे त्याला आणि त्याच्या बायकोला समजावून सांगितले, आणि कोपीत पडल्या पडल्या करता येतील असे तीनच श्वासाचे प्रकार शिकवून पाठवले. पोषणाचे पैसे ज्या बँक खात्यात येतात ते चालू आहे ना, हेही त्या तपासायला लावतात. निक्षय पोषण योजनेची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० रुपयांवरून १००० रुपये झाली, हे आमच्यातल्या निम्म्या जणांना वर्गातच कळले. या वर्गात पावडरी, काढे, तेले असे काहीही विकले जात नाही.

उणिवाही आहेत आणि त्या दूर व्हाव्यात म्हणून लिहिते. सकाळची ही वेळ नोकरदारांना बरी, पण शेतावर मजुरीला जाणाऱ्या बायांना ती मुळीच जमत नाही. त्यांचा भाकरतुकडा आणि पाणी भरणे त्याच वेळी असते. संध्याकाळचा एक वर्ग हवा. घरी करायच्या सरावाचा जो कागद देतात त्यात सगळा मजकूरच आहे, एकही चित्र नाही, आणि ज्यांना वाचता येत नाही ते तो कागद घडी करून ठेवून देतात. म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्च्या फक्त दोन आहेत. फुफ्फुसाची क्षमता यंत्राने मोजण्याची सोय नाही. आपल्याच गावात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असताना, वर्गात येण्याआधी आणि कोर्स संपल्यावर प्रत्येकाची ती तपासणी तिथे करून घेता आली तर आमच्या २६ अंकांपेक्षा भक्कम असे काहीतरी हाती येईल. आणि औषध संपलेला माणूस वर्ग सोडून गेला की त्याची पुढे चौकशी होत नाही. क्षय उलटू शकतो, हे लक्षात घेता वर्षभर तरी महिन्यातून एकदा कोणी फोन करावा.

वर्गणी महिन्याला २०० रुपये आहे आणि ज्याला जमत नाही त्याच्याकडून घेत नाहीत. पहिल्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी, दोन महिन्यांनंतरच्या बेडका तपासणीचा कागद, स्वतःची सतरंजी, तोंडाला बांधायला स्वच्छ रुमाल आणि गोळ्यांचे चालू पाकीट एवढे न्यावे. माझ्या डॉक्टरांनी गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायला सांगितल्या होत्या, म्हणून मी वर्गावरून परतल्यावर गोळ्या घेत असे आणि तासाभराने न्याहारी करत असे. आपली वेळ आपापल्या डॉक्टरांना विचारून ठरवावी. एप्रिलपासून उन्हामुळे वर्ग सहा वाजता भरू लागतो.